हिशेबाची पहिली नोकरी

मुलगा किंवा मुलगी बी. कॉम. झाली, की घरात पेढे वाटतात. आईबापांना वाटते, कष्टाचे चीज झाले. मग नोकरीचा शोध सुरू होतो. जिथे जावे तिथे एकच प्रश्न, "अनुभव किती?" अनुभव नाही म्हणून नोकरी नाही. नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. हा गुंता कसा सोडवायचा, ते आपण पाहू.

मालकाला काय हवे?

मालक पदवी पाहतो. पण त्याच्या मनात दुसरीच काळजी असते. माझा पैसा याच्या हाती नीट राहील का? रोजचे काम हा रोज करील का?

हिशेबाचे मूळ सोपे आहे. रोजचा व्यवहार रोजकीर्दीत लिहायचा. मग तो ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा, ती खतावणी. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. समजा, आपण दुकानातून ५०० रुपयांचे खत उधार आणले. खताच्या खात्याला ५०० नावे. दुकानदाराच्या खात्याला ५०० जमा. शेवटी दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे.

आता हे काम संगणकावर चालते. पुष्कळ ठिकाणी टॅली वापरतात. १ जुलै २०१७ पासून जी. एस. टी. हा कर लागू झाला. त्याची विवरणपत्रे ठरल्या तारखेला भरावी लागतात. उशीर झाला, की मालकाला भुर्दंड बसतो. म्हणून तारीख सांभाळणारा माणूस त्याला हवा असतो.

एक लहानशी परीक्षा

मुलाखतीत असा प्रश्न विचारतात. आपल्या वहीत बँकेची शिल्लक १८,५०० रुपये आहे. पासबुकात १६,००० आहे. २,५०० रुपये गेले कुठे?

घाबरू नये. पैसे चोरीला गेले असे लगेच म्हणू नये. दोन्हीकडच्या नोंदी एकेक करून ताडून पाहाव्यात. २,५०० रुपयांचा चेक आपण बँकेत भरला आणि वहीत लिहिला. पण तो अजून वटलाच नाही! फरक सापडला. असा फरक शोधता येणे, हेच या धंद्यातले खरे कसब.

अनुभव कुठे मिळेल?

अनुभव गावातही मिळतो. बचत गटाची वही लिहावी. दूध संस्थेत, सोसायटीत चिटणिसाच्या हाताखाली बसावे. घरच्या शेतीचा वर्षाचा जमाखर्च मांडावा. सहा महिने नेमाने लिहिलेली वही मालकापुढे ठेवता येते.

तालुक्याला सी. ए. कडे हाताखाली माणसे लागतात. तिथे पगार थोडा असतो. पण दुकानदार, कारखानदार, अडते, सगळ्यांचे कागद डोळ्यांखालून जातात. बाजार समितीतले अडते, पतसंस्था, साखर कारखाने इथेही विचारावे. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. त्याखाली नेमलेल्या उमेदवाराला शिकताना विद्यावेतन मिळते. सहकारी संस्थांत काम करायचे असेल, तर सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही परीक्षा उपयोगी पडते.

अर्ज एका पानाचा असावा. जे येते तेच लिहावे. न केलेली नोकरी लिहू नये. हिशेबाच्या माणसाचे पहिलेच पान खोटे निघाले, तर पुढे कोण विश्वास ठेवील?

सांभाळून राहा

"नोकरी लावतो, आधी अनामत भरा," असे कोणी म्हणाले, तर एक पैसाही देऊ नका. अशा लोकांपायी कुणी दागिने मोडतात, कुणी जमीन गहाण टाकतात. मूळ गुणपत्रिका कोणाकडे ठेवू नका. फक्त झेरॉक्स द्या.

नोकरी लागल्यावर मालक म्हणाला, "ही खोटी पावती लिही," तर नाही म्हणावे. पुढे चौकशी झाली, तर लिहिणाराही अडकतो.

घरच्यांनी काय करावे?

पहिला पगार लहान असला, तरी मुलाला टोचून बोलू नये. "एवढे शिकून एवढेच का?" असे म्हटले, की शिकणारे पोर खचते. वर्षभर काम नीट केले, तर कामाचा दाखला लेखी मागून घ्यावा. मग पुढच्या दारात "अनुभव किती?" या प्रश्नाला उत्तर तयार असते.

आणि घरचा जमाखर्च आजपासूनच लिहायला लागा. आता तुम्हालाही लिहिता येते. मुलाने लिहावे, तुम्ही वाचून तपासावे. दोघांचाही अभ्यास होईल.