संगणकातील चोपड्या व त्यांची कुलुपे

पेढीच्या चोपड्या तिजोरीत ठेवण्याची आपली रीत जुनी आहे. हल्ली त्याच चोपड्या संगणकात असतात आणि संगणक मात्र गादीशेजारी उघड्यावर असतो. तो चोरीस गेल्यास विंडोजचा परवलीचा शब्द कामास येत नाही. ड्राइव्ह काढून दुसऱ्या यंत्रास जोडली की सारी खतावणी वाचता येते. मजकूर कूटबद्ध करणे हाच यावर उपाय होय.

आमच्या पेढीवर टॅलीकरिता विंडोज लागते, तर चिरंजीवांचे काम लिनक्सवर चालते. अशा वेळी प्रत्येक प्रणालीस स्वतंत्र ड्राइव्ह द्यावी, असे आमचे मत आहे. एकाच वखारीत दोन भाडेकरू ठेवले की तंटा ठरलेलाच! प्रथम विंडोज बसवावे. नंतर ती ड्राइव्ह काढून ठेवून दुसरीवर लिनक्स बसवावे. कोणती प्रणाली हवी ते यंत्र सुरू होताना निवडता येते.

विंडोजचे कुलूप बिटलॉकर. त्याची किल्ली बहुधा यंत्रातील टीपीएम नामक चिपेत राहते. सुरू होण्याच्या व्यवस्थेत फेरफार झाला, की बिटलॉकर 48 अंकांची संख्या मागते. ती नसेल तर मालकासही चोपड्या बंद. विंडोज 11 कित्येक नव्या यंत्रांवर हे कुलूप आपणहून घालते व संख्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवते. खाते कोणाच्या नावे उघडले होते, हे पुष्कळांच्या स्मरणातही नसते. म्हणून लिनक्स बसविण्यापूर्वीच ती संख्या कागदावर उतरवावी व कागद तिजोरीत ठेवावा.

लिनक्सचे कुलूप लक्स. ते प्रणाली बसवितानाच घालावे. मागाहून घालणे जिकिरीचे असते. येथे परवलीचा शब्द विसरला तर कंपनीकडे दाद मागण्याची सोय नाही. परंतु लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत एका कुलपास 32 पर्यंत किल्ल्या बसतात. त्यांतील एक घरातील दुसऱ्या जबाबदार माणसापाशी असावी. कर्त्या पुरुषाचे अकस्मात निधन झाले, तर उधारी कोणाकडे किती, हे घरच्यांना समजणार कसे?

चोपड्यांकरिता तिसरी ड्राइव्ह असल्यास तिला व्हेराक्रिप्टचे कुलूप घालावे. ते दोन्ही प्रणालींत उघडते. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप मात्र बंद ठेवावे, अन्यथा लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिताना अडथळा येतो.

कुलूप चोरापासून राखते, बिघाडापासून नव्हे. त्यामुळे चोपड्यांची एक कूटबद्ध प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर काढून दुकानाऐवजी घरी ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती उघडते का ते पाहावे.