शून्य बळी म्हणजे किती सुरक्षित?

नवे औषध ३०० रुग्णांना दिले आणि एकालाही गंभीर दुष्परिणाम झाला नाही, तर ते निर्धोक मानायचे का? संख्याशास्त्रातला ‘तीनचा नियम’ म्हणतो, नाही. ३ ला ३०० ने भागा. शंभरात एकाला त्रास होण्याची शक्यता अजूनही उरतेच. चालकाविना धावणाऱ्या मोटारींबाबत मात्र ‘इतके किलोमीटर धावली, एकही बळी नाही’ एवढ्यावर लोक खूश होतात.

अमेरिकेत दर १० कोटी मैलांमागे रस्त्यावर साधारण एक मृत्यू होतो. ‘रँड’ या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला. या मोटारी माणसापेक्षा वाईट नाहीत, असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे तर त्यांनी २७.५ कोटी मैल, म्हणजे सुमारे ४४ कोटी किलोमीटर, एकही मृत्यू न घडवता धावायला हवे. शंभर गाड्या ताशी २५ मैल वेगाने रात्रंदिवस फिरवल्या तरी साडेबारा वर्षे लागतील. मधेच सॉफ्टवेअर बदलले, तर ते औषधाचा घटक बदलल्यासारखेच. जुना पुरावा नव्याला जसाच्या तसा चालत नाही.

१८ मार्च २०१८ रोजी ॲरिझोनातील टेम्पी शहरात उबरच्या चाचणी-मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला ठार केले. धडकेच्या ५.६ सेकंद आधीच ती यंत्रणेला दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल समजत राहिली. क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल हे तिच्या हिशेबातच नव्हते. (आपल्याकडे तर बहुतेक जण तसेच ओलांडतात!) देखरेखीला बसलेली चालक मोबाइल पाहत होती. तासन्‌तास काहीच न घडणाऱ्या पडद्यावर लक्ष टिकत नाही, हे अतिदक्षता विभागात रात्रपाळी केलेल्या कुणालाही ठाऊक असते.

२०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली महिला ‘क्रूझ’च्या मोटारीसमोर पडली. मोटार तिला धडकून थांबली, मग बाजूला लागण्यासाठी पुन्हा निघाली आणि तिला सुमारे २० फूट फरफटत नेले. कंपनीने सरकारला दिलेल्या अहवालात फरफटीचा उल्लेखच नव्हता. पुढच्या वर्षी खोट्या अहवालाची कबुली देऊन तिने ५ लाख डॉलर दंड भरला. मला अपघातापेक्षा ही लपवाछपवी अधिक गंभीर वाटते.

माणूस काही फार चांगला चालक नाही. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ जण गेले. त्यामुळे यंत्र परिपूर्ण होईपर्यंत थांबा, असे मी म्हणणार नाही. पण औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून आहे आणि डॉक्टर त्यात थेट कळवू शकतात. या मोटारींसाठीही तशीच, कंपनीच्या हाताबाहेरची नोंद हवी, आणि जखमीला नेमके काय झाले ते तिच्यात रुग्णालयाने लिहावे.