सोलमध्ये दिली गेलेली स्त्रीबीजं

फेब्रुवारी २००५मध्ये दक्षिण कोरियाच्या टपाल खात्यानं एक तिकीट काढलं. चाकाच्या खुर्चीतला माणूस हळूहळू उठतो आणि चालू लागतो, असं त्यावरचं चित्र. सोल राष्ट्रीय विद्यापीठातल्या ह्वांग वू-सुक यांच्या संशोधनाचा तो गौरव होता. अंथरुणाला खिळलेल्या हजारो रुग्णांनी त्या चित्रावर विश्वास ठेवला.

विश्वास ठेवण्याजोगं शास्त्र होतंच. पाच-सहा दिवसांचं मानवी भ्रूण म्हणजे शे-दीडशे पेशींचा पोकळ गोळा. त्याच्या आतल्या पुंजक्यातल्या पेशींपासून हृदय, मेंदू, स्वादुपिंड, शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते. अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी १९९८ साली या स्टेम सेल प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. त्यासाठी त्यांनी टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांनंतर उरलेली, जोडप्यांनी संमतीनं दिलेली भ्रूणं वापरली. पण पुंजका काढला की भ्रूण संपतं. ते जीव मानायचं की नाही, हा वाद तिथून पेटला आणि २००१मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सरकारी पैशांवर मर्यादा घातली.

ह्वांग यांची वाट वेगळी होती. स्त्रीबीजातलं केंद्रक काढायचं, तिथे रुग्णाच्या पेशीतलं केंद्रक घालायचं आणि त्या भ्रूणातून रुग्णाशी जुळणाऱ्या पेशी मिळवायच्या. अशा ११ पेशीमालिका बनवल्याचा दावा त्यांनी २००५मध्ये केला.

तो खोटा निघाला. विद्यापीठाच्या चौकशीत अकराच्या अकरा बनावट ठरल्या, याच विषयावरचा त्यांचा २००४चा शोधनिबंधही कोसळला.

जगभर चर्चा झाली ती शोधनिबंधांतल्या बनावट छायाचित्रांची. खरं तर त्याहून मोठी गोष्ट होती स्त्रीबीजांची. शंभराहून अधिक स्त्रियांची दोन हजारांवर बीजं या प्रयोगांत खर्ची पडली. बीजं देण्यासाठी संप्रेरकांची इंजेक्शनं घ्यावी लागतात, मग सुईनं बीजं काढली जातात. बीजांडं सुजून काही जणींना त्रासही झाला. काहींना पैसे दिले गेले होते. दोघी तर ह्वांग यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ संशोधक होत्या. ज्यांच्या शब्दावर आपलं करिअर अवलंबून आहे, त्या साहेबांच्या प्रयोगासाठी दिलेली संमती मोकळी कशी म्हणायची? भ्रूणाच्या हक्कांवर वर्षानुवर्षं भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना या स्त्रिया फारशा दिसल्याच नाहीत.

पुढे जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६मध्ये उंदराच्या आणि २००७मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकांच्या मदतीनं मूळ अवस्थेला नेल्या. त्यात ना भ्रूण लागलं, ना स्त्रीबीज. २०१२चं नोबेल त्यांना मिळालं. तरी भ्रूणातल्या पेशींची गरज सरलेली नाही, पार्किन्सनवरच्या मानवी चाचण्यांत त्या आजही वापरल्या जातात.

त्यामुळे संमतीचा प्रश्नही कायम आहे. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मार्गदर्शक सूचनांनुसार प्रयोगशाळेत भ्रूण १४ दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. वंध्यत्वावर उपचार करणारा डॉक्टर आणि ती भ्रूणं वापरणारा संशोधक एकच असता कामा नये, असंही त्या सांगतात. या दुसऱ्या अटीची चर्चा आपल्याकडे अजून पहिलीइतकी होत नाही.