अठ्ठावीस एकरांची मोकळीक

मार्च उजाडला की शिवाजी पार्कच्या पूर्वेकडच्या इमारतींत दुपारी खिडक्या बंद होतात. समुद्र पश्चिमेला, हाकेच्या अंतरावर. दुपारनंतर तिकडून वारा सुटतो, मैदान ओलांडून येतो आणि येताना मैदानातली लाल माती उचलून आणतो. सकाळी पुसलेल्या कठड्यावर संध्याकाळी बोट फिरवलं की बोटाचं टोक विटकरी होतं. वाळत घातलेले शर्ट, कुंडीतली तुळस, खाली लावलेल्या गाड्यांच्या काचा, सगळ्यावर तोच रंग. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या दम्याच्या रुग्णांना हे महिने कसे काढावे लागतात, ते त्यांच्या घरच्यांना विचारावं.

दादरच्या या वस्तीची ओळख करून द्यायची तर धुळीपासूनच सुरुवात करणं मला प्रामाणिकपणाचं वाटतं. शिवाजी पार्क म्हटलं की बाहेरच्यांना सभा आठवतात, क्रिकेट आठवतं, कट्टा आठवतो. इथे राहणाऱ्यांना हे सगळं आठवतंच, पण हातातलं फडकंही सुटत नाही. आपल्या दारातलं मैदान साऱ्या महाराष्ट्राचं आहे याचा अभिमान आणि त्या अभिमानापायी रोज सोसावा लागणारा त्रास, दोन्ही इथल्या घराघरांत एकत्र नांदतात.

मैदान १९२५ साली मुंबई महापालिकेने लोकांसाठी खुलं केलं. तेव्हा त्याचं नाव होतं माहीम पार्क. १९२७ साली शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. त्यामागचा इतिहास प्लेगपर्यंत जातो. १८९६ च्या साथीने दाट वस्तीची मुंबई हादरली, १८९८ साली शहर सुधारणा न्यास स्थापन झाला आणि शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याकडे रुंद रस्ते, हवा-उजेड असलेली घरं आणि मोकळ्या जागा आखल्या जाऊ लागल्या. शिवाजी पार्कची वसाहत त्याच विचारातून पुढे आकाराला आली. मध्ये सुमारे अठ्ठावीस एकरांचं मैदान, भोवती सव्वा किलोमीटरच्या आतबाहेरचा फेरा, आणि त्या फेऱ्यावर गोलाकार सज्जांच्या, आर्ट डेको धाटणीच्या दोन-तीन मजली इमारती. माणसांना मोकळा श्वास घेता यावा म्हणून जी वस्ती आखली, तिथल्या माणसांनी आज श्वासासाठी महापालिकेच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे मनाला लागतं.

मैदानाला उंच कुंपण नाही. आहे तो कट्टा. बसलं तर पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीचा. पहाटे पाचला त्याच्या कडेने चालणाऱ्यांची पहिली फेरी सुरू होते. सात-आठच्या सुमारास ज्येष्ठ मंडळी आपापल्या ठरलेल्या जागी टेकतात. त्या जागा कुणी लिहून दिलेल्या नाहीत, पण चुकून दुसरं कुणी बसलं तर लगेच लक्षात येतं. संध्याकाळी कॉलेजची मुलं, ऑफिसातून थेट आलेले, बाळाला बाबागाडीतून फिरवणारी आई, कडेवरच्या नातवाला मॅच दाखवणारे आजोबा. दादरसारख्या गजबजलेल्या भागात एक पैसा न मोजता तासन्‌तास बसता येईल अशी दुसरी जागा सहज सापडत नाही. कट्टा उंच करून वर जाळी लावायची सूचना सुरक्षेच्या नावाखाली कुणी केलीच, तर ती मान्य होऊ नये. ही भिंत अडवण्यासाठी नाही, टेकण्यासाठी आहे, आणि मैदानाचा सगळा स्वभाव तिच्यातच आहे.

आत शिरलं की पहिल्यांदा गोंधळ वाटतो. रविवारी सकाळी एकाच वेळी इतके सामने चालू असतात की एका सामन्याचा लाँग-ऑन दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटला खेटून उभा असतो. चेंडू कुठला, आरोळी कुणाची, हे नवख्याला कळत नाही. खेळणाऱ्यांना बरोबर कळतं. ‘बॉऽऽल’ अशी हाक आली की न बघता खाली वाकायचं, हे इथल्या मुलांना बॅट धरण्याआधी येतं. रमाकांत आचरेकर सरांनी याच मैदानात मुलं घडवली. सरावाच्या शेवटी ते स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो सचिनला बाद करेल त्याचं नाणं, कुणालाच जमलं नाही तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिन तेंडुलकरने आयुष्यभर जपली. मुलाला मैदान जवळ पडावं म्हणून त्याला काका-काकूंकडे शिवाजी पार्कला राहायला ठेवलं होतं, हेही सर्वांना ठाऊक आहे. आज सरांचं स्मारक पाच क्रमांकाच्या प्रवेशद्वाराजवळ आहे. ३ डिसेंबर २०२४ ला सचिननेच त्याचं अनावरण केलं. पावसाळ्यातही मैदान थांबत नाही. १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग भर पावसाच्या दिवसांत खेळली जाते, ओल्या खेळपट्टीवर उसळणारा चेंडू खेळायला फलंदाज तिथेच शिकतो.

क्रिकेटच्या आवाजात समर्थ व्यायाम मंदिर मात्र अनेकांच्या नजरेतून सुटतं. तेही मैदानाच्याच वयाचं, १९२५ सालचं, काळे गुरुजींनी सुरू केलेलं. संध्याकाळी तिथे थोडा वेळ उभं राहावं. एरंडेल तेल लावून गुळगुळीत केलेला लाकडी खांब, आणि त्यावर सात-आठ वर्षांची मुलगी दोन्ही पायांच्या पकडीवर शरीर उलटं तोलून हात सोडते. खाली उभे असलेले सर काही बोलत नाहीत, फक्त एक हात तिच्या पाठीखाली, न टेकवता, धरून ठेवतात. तिचा श्वास स्थिर झाला की तो हात हलकेच मागे जातो. या संस्थेतल्या उदय देशपांडे यांना २०२४ साली मल्लखांबासाठी पद्मश्री मिळाली. त्याआधी फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली आणि परदेशी मुलामुलींनी इथल्या मातीत उड्या घेतल्या.

याच मैदानावर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांच्या सभा गाजल्या. १ मे रोजी महाराष्ट्र दिनाचं मुख्य शासकीय संचलन आजही इथेच होतं. १९६६ पासून शिवसेनेचा दसऱ्याचा मेळावा आहे. दिवाळीत झाडांना रोषणाई होते तेव्हा दादरच्या रस्त्यांवर गाडी हाकणं अशक्य होतं. बंगाल क्लबची दुर्गापूजा गेली कित्येक दशकं इथे होते. त्या पाच दिवसांत मैदानाच्या एका कोपऱ्यात ढाक वाजतो, खिचडीच्या पंगती बसतात आणि आजूबाजूची मराठी घरंही दर्शनाला हमखास चक्कर टाकतात.

सभा आल्या की लाउडस्पीकर आले. फेऱ्यावर बालमोहन विद्यामंदिर आहे, दादासाहेब रेग्यांनी १९४० साली काढलेलं. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरपर्यंतचा परिसर कायद्याने शांतता क्षेत्र होऊ शकतो. तिथे दिवसा पन्नास आणि रात्री चाळीस डेसिबल ही मर्यादा. इथल्या रहिवाशांच्या संस्थेने न्यायालयात धाव घेतली आणि २०१० साली उच्च न्यायालयाने शिवाजी पार्कला शांतता क्षेत्राचं संरक्षण दिलं. पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले पंचेचाळीस दिवस राखून ठेवण्यात आले. त्या वेळी रहिवाशांवर टीकाही झाली. ‘सभांचं मैदान गप्प करायला निघालेत,’ असं बोललं गेलं. मला ती टीका पटत नाही. पंचेचाळीस दिवस म्हणजे दर आठवड्याला जवळजवळ एक कार्यक्रम. एवढं सोसून वर दहावीच्या मुलांसाठी उरलेल्या दिवसांत शांतता मागणं हा गुन्हा नव्हे.

पण रहिवाशांनाही एक गोष्ट सांगायला हवी. ६ डिसेंबर हा इतर कार्यक्रमांसारखा कार्यक्रम नाही. ७ डिसेंबर १९५६ ला दादरच्या चौपाटीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले, आणि तेव्हापासून महापरिनिर्वाण दिनाला महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही लाखो माणसं तिथल्या चैत्यभूमीवर येतात. मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रभर प्रवास करून आलेली म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया शिवाजी पार्कवरच्या मांडवात पाठ टेकतात. मैदानात पुस्तकांचे स्टॉल लागतात. घरी चूल कशीबशी पेटत असेल असा माणूस तिथे गठ्ठ्याने पुस्तकं विकत घेतो, पिशवीत नीट रचतो आणि परतीच्या गाडीला लागतो. हे दृश्य खिडकीतून पाहून ‘गर्दी’ एवढाच शब्द ज्यांना सुचतो, त्यांनी एकदा खाली उतरून त्या स्टॉलांमधून फिरून यावं. त्या दोन-तीन दिवसांत मैदान या आलेल्या माणसांचं असतं, आणि ते त्यांना हक्काने मिळालेलं आहे. पाण्याचे टँकर, फिरती शौचालयं, साफसफाई यांची तयारी महापालिका करते. वस्तीतली काही घरं आणि संस्था पाणी, नाश्ता घेऊन उभ्या राहतात. ती संख्या वाढायला हवी.

गर्दी येते आणि जाते. मला खरी काळजी वाटते ती जे येतं आणि जात नाही त्याची. अठ्ठावीस एकर रिकामी जागा मुंबईत कुणाच्याही डोळ्यांत भरते. १८ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे यांच्यावर इथे अंत्यसंस्कार झाले, त्यानंतर मैदानातच स्मारक व्हावं अशी मागणी जोरात आली. शेवटी एका कडेला छोटं स्मृतिस्थळ राहिलं आणि मुख्य स्मारकाला जवळच्या जुन्या महापौर बंगल्याची जागा ठरली. ६ फेब्रुवारी २०२२ ला लता मंगेशकर यांना इथेच निरोप दिला, तेव्हा पुन्हा तीच मागणी झाली. हृदयनाथ मंगेशकर यांनी कुटुंबाची तशी इच्छा नाही असं सांगून वाद मिटवला. दोन्ही माणसं आपल्याला किती प्रिय, हा इथे प्रश्नच नाही. प्रश्न असा की एकदा एक दगड बसला की पुढच्याला नाही म्हणता येत नाही. कडेला आधीच पुष्कळ काही आहे: महाराजांचा अश्वारूढ पुतळा, उद्यान गणेशाचं मंदिर, जिमखाना, नाना-नानी पार्क, क्लब, स्मृतिस्थळ. मधला भाग मात्र शंभर वर्षं मोकळा राहिला आहे. तो आपोआप राहिलेला नाही. पत्रं लिहून, कोर्टात जाऊन, कधी खेळाडूंनी तर कधी पेन्शनीतल्या मंडळींनी तो राखला.

भोवतालच्या इमारतींबद्दल मात्र वस्तीचं एकमत नाही. २०१२ साली हा परिसर वारसा यादीत घालण्याचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध करणाऱ्यांत रहिवासीच पुढे होते. बाहेरच्या रसिकांना गोल सज्जे जपायचे असतात. आत राहणाऱ्याला गळकं छत, लिफ्टशिवायचे तीन जिने आणि वाढलेलं वय जपायचं असतं. त्यांचा राग मला समजतो. पण तीन मजली इमारतीच्या जागी मनोरा उभा राहिला की त्यातल्या गाड्या उभ्या राहायला त्याच जुन्या रस्त्यावर येतात, तेच नळ, तीच गटारं. एकेका इमारतीचा विचार होतो, फेऱ्याचा मिळून होत नाही.

आता पुन्हा त्या मातीकडे. मैदान समतल करण्यासाठी वेळोवेळी लाल माती टाकली गेली. रोलर, स्पाइक्स आणि हजारो पावलं यांखाली तिचा भुगा होतो. गवत लावलं तर ते धरायला मैदानाचा तो तुकडा काही महिने बंद ठेवावा लागतो, आणि इथे एक सकाळ कुणी सोडायला तयार नसतं. पाणी मारलं तर एप्रिलच्या उन्हात तासा-दोन तासांत वाळतं. पावसाचं पाणी साठवून तेच फवारायची योजना महापालिकेने राबवली, आयआयटीच्या तज्ज्ञांचा सल्ला घेतला, तक्रारी प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत गेल्या आणि मंडळाने महापालिकेला उपाय करायला सांगितलं. एक गट म्हणतो वरचा थर खरवडून काढा. दुसरा म्हणतो माती काढली तर पावसाळ्यात तळं होईल आणि खेळ बंद पडेल. दोघांचंही म्हणणं ऐकण्यासारखं आहे.

मला विचाराल तर मैदानाचे चार भाग करावेत आणि दरवर्षी एक भाग पावसाळ्याच्या सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत बंद ठेवून तिथे गवत धरू द्यावं. क्लबांनी खेळपट्ट्या त्या काळात वाटून घ्याव्यात. एकमेकांच्या सीमारेषेत उभं राहून खेळायची सवय त्यांना आहेच. कार्यक्रमाचा मांडव घालणाऱ्यांकडून उखडलेली जमीन पूर्ववत करण्याची अनामत आधी घ्यावी आणि काम झाल्याचं रहिवाशांच्या समितीने पाहिल्याशिवाय ती परत करू नये. महापालिकेच्या जी-उत्तर विभाग कार्यालयाने मे महिन्यात एक जाहीर बैठक बोलवावी, तीत क्लब, शाळा, व्यायामशाळा, राजकीय पक्ष, ६ डिसेंबरचं नियोजन करणाऱ्या संघटना आणि पूर्वेकडच्या खिडक्यांतली माणसं सगळी असावीत, आणि ठरलेलं वेळापत्रक सगळ्या दरवाजांवर मराठीत लावावं. पाऊस जूनमध्ये येतो. गवत लावायचं तर त्याआधी हे ठरायला हवं.