बघे वाढले की मदत घटते?

एक गोष्ट वाढली की दुसरी घटते, अशा नात्याला संख्याशास्त्रात व्यस्त सहसंबंध म्हणतात. माणसाच्या वागणुकीतलं त्याचं गाजलेलं उदाहरण १९६८ सालचं, न्यूयॉर्कमधलं. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं. बोलता बोलता एकाला फिट येई. अडखळत तो मदत मागे. प्रत्यक्षात ती ध्वनिफीत होती. ऐकणारे आपण एकटेच, असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के जण फिट संपण्याआधी मदतीसाठी बाहेर आले. आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्के. बाकीचे निर्ढावलेले होते असं नाही. अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. पण ‘कुणीतरी गेलं असेलच’ या विचाराने पाय अडला, असा संशोधकांचा निष्कर्ष.

म्हणजे गर्दीत माणुसकी आटते? इथे गणित नीट पाहायला हवं. ३१ टक्के ही एकेकट्याची शक्यता. पाच जण स्वतंत्रपणे निर्णय घेत असतील, तर त्यांतला निदान एक तरी उठण्याची शक्यता सुमारे ८४ टक्के निघते!

२०१९ मध्ये ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊनमधल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहापैकी नऊ प्रसंगांत कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं आणि बघे जितके जास्त, तितकी मदतीची शक्यताही जास्त होती. म्हणून व्यस्त सहसंबंधाची बातमी वाचली की आधी विचारावं : आकडा एकाचा, की सगळ्यांचा मिळून?