मासा गळाला लागतो, पण गाठच दगा देते? ‘पालोमार’ गाठ अशी बांधा

तासभर वाट पाहिल्यावर गळाला मासा लागतो, दोरा ताणला जातो आणि अचानक हात हलका होतो. मासा गेला, गळही गेला. अशा वेळी दोऱ्याचं टोक नीट पाहा. ते शेपटीसारखं कुरळं झालं असेल, तर बहुधा दोरा तुटलेला नसतो. गाठ सुटलेली असते.

गाठ मारली की त्या जागी दोरा वळतो, दाबला जातो आणि त्याची ताकद कमी होते. म्हणून महागडा दोराही चुकीच्या गाठीमुळे निकामी ठरतो. ‘पालोमार’ गाठीत गळाच्या नेढ्यातून दोऱ्याचे दोन पदर जातात. त्यामुळे ती सोपी असूनही भक्कम असते. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकपदरी दोरा आणि गुळगुळीत विणलेला दोरा, दोन्हींवर ती चालते.

गाठ कशी बांधायची?

१. दोऱ्याचं टोक साधारण १५ सेंटिमीटर दुमडून दुहेरी करा.
२. हा दुमडलेला भाग नेढ्यातून ओवा.
३. दुहेरी दोऱ्याचीच एक साधी, सैल गाठ मारा. गळ खाली लोंबता राहू द्या.
४. टोकाला उरलेल्या फासातून अख्खा गळ पार करा.
५. गाठ ओली करा आणि दोऱ्याची दोन्ही टोकं धरून सावकाश आवळा.
६. तीन-चार मिलिमीटर टोक ठेवून बाकीचं कापा.

चुका कुठे होतात?

पहिली चूक म्हणजे कोरडी गाठ आवळणं. घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमकुवत होतं. दुसरी चूक म्हणजे तिसऱ्या पायरीत पदर एकमेकांवर चढू देणं. तिसरी, कृत्रिम आमिषासाठी फास लहान ठेवणं. अख्खं आमिष त्यातून जायला हवं, म्हणून दोरा जास्त दुमडा. आमिष फारच मोठं असेल, तर गाठ छोट्या क्लिपला बांधून आमिष तिला अडकवा.

काही गळांना नेढं नसतं, टोक नुसतं चपटं असतं. त्यांना ही गाठ चालत नाही.

पाण्यात गळ टाकण्याआधी गाठ एकदा ओढून पाहा. सुटायचीच असेल तर ती काठावरच सुटू दे. आणि कापलेले तुकडे खिशात ठेवा. नायलॉन लवकर कुजत नाही, पक्ष्यांचे पाय मात्र त्यात अडकतात.