निळी-पांढरी चिनी पात्रे

निळी-पांढरी चिनी पात्रे : शुभ्र पोर्सलीनवर कोबाल्टच्या निळ्या रंगाने चित्रण करून त्यावर पारदर्शक झिलई दिलेली चिनी भांडी. केओलीन ही पांढरी माती व अभ्रकयुक्त दगडाची पूड यांच्या मिश्रणातून ती घडवीत. वाळलेल्या भांड्यावर कुंचल्याने नक्षी काढून व झिलई चढवून ते सु. १,३००° से. तापमानास भाजीत. रंग झिलईखाली राहत असल्यामुळे तो वापराने झिजत नाही.

ज्यांगशी प्रांतातील जिंगदेजन हे या उद्योगाचे प्रमुख केंद्र. युआन काळात, चौदाव्या शतकात, ही कला तेथे परिपक्व झाली. आरंभी कोबाल्ट इराणकडून येई. लंडनच्या ब्रिटिश म्यूझीयममधील १३५१ सालच्या लेखाने अंकित फुलदाण्यांची जोडी कालनिर्णयास आधारभूत मानली जाते.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला व १५५७ च्या सुमारास मकाव येथे वसाहत केली. त्यानंतर मकाव–मलाक्का–गोवा–लिस्बन या मार्गाने ही पात्रे मोठ्या प्रमाणात जाऊ लागली. ‘क्राक’ प्रकारच्या निर्यात-थाळ्यांच्या काठावर चौकटी आखून त्यांत फुले व शुभचिन्हे आणि मध्यभागी पक्षी किंवा हरणे रंगवीत. पोर्तुगीजांच्या ‘कॅरॅक’ जहाजांवरून हे नाव आले असावे, असे मानतात.

या व्यापाराचा पुरावा गोव्याच्या समुद्रातही मिळाला आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने सुंची खडकाजवळ शोधलेल्या, सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील पोर्तुगीज जहाजाच्या अवशेषांत चिनी पात्रांचे तुकडे, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात व तोफा सापडल्या. पूर्व आशिया व आफ्रिका यांचा माल एकाच जहाजातून जात होता, हे त्यांवरून दिसते.

अखंड पात्रे संग्रहालयांत पाहता येतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतील चिनी पोर्सलीन आहे. तथापि केवळ तळावरील राजमुद्रेवरून पात्राचा काळ ठरविता येत नाही. कांग-शीच्या कारकीर्दीतील (१६६२–१७२२) अनेक पात्रांवर पूर्वीच्या मिंग सम्राटांच्या मुद्रा आढळतात. म्हणून माती, झिलई, निळ्या रंगाची छटा व तळाची घडण यांचाही विचार करावा लागतो. स्थळ व सोबतच्या वस्तू यांची नोंद असलेला फुटका तुकडा इतिहासाच्या दृष्टीने पुष्कळदा अखंड थाळीहून अधिक मोलाचा ठरतो. असा तुकडा हौसेने उचलून नेल्यास त्याचे हे मोल नष्ट होते. भारतात १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या अशा कलावस्तूंची खाजगी निर्यात निषिद्ध आहे.